एकोणचाळीस पिना आणि दुगार्बाई

आमच्या घरात गेली कित्येक वर्षं एक वाक्य फार उपयोगी पडत आलं: "ते ना, जुन्या कॉम्प्युटरमध्ये आहे." वन्संच्या लेकीच्या लग्नातल्या आहेराची यादी? जुन्या कॉम्प्युटरमध्ये. सोसायटीच्या ज्या सभेत पार्किंगचा ठराव झाला, तिचं इतिवृत्त? जुन्या कॉम्प्युटरमध्ये, कारण तेव्हा आमचे अहो सेक्रेटरी होते. ठकूमावशींनी सांगितलेलं गोड्या मसाल्याचं प्रमाण, अष्टविनायकाचे फोटो, घराच्या रंगकामाचा हिशेब, सगळं तिथेच. 'हरवलं' म्हटलं की समोरचा चिडतो. 'शोधते' म्हटलं की आठवड्याने पुन्हा विचारतो. 'जुन्या कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हटलं की वस्तू सुखरूप असल्याचा दिलासा त्याला मिळतो आणि ती आता काही मिळत नाही हेही त्याला कळतं. मग चहा होतो आणि विषय संपतो.

खरं तर तो कॉम्प्युटर घरातून जाऊन जमाना झाला. कॅबिनेट भंगारवाल्याने किलोवर नेलं. मॉनिटर न्यायला त्यानेच आमच्याकडे पैसे मागितले. राहिली फक्त हार्ड डिस्क. "डिस्क कुणाला देऊ नका, त्यातनं बँकेचे पासवर्ड काढतात," असं कुणीतरी अहोंच्या कानात सांगितलं होतं. आमचा बँकेचा पासवर्ड तेव्हा पासबुकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला असे. पण डिस्क मात्र स्क्रू काढून सोडवून घेतली आणि आकाशकंदिलाच्या खोक्यात घालून माळ्यावर टाकली. वर्षातून दोनदा ती खाली यायची. दिवाळीत, कंदिलाला वाट करून द्यायला. आणि खंडेनवमीला, कारण सासूबाईंच्या मते ते घरातलं एक हत्यार होतं. पाटावर विळी, पक्कड, शिवणाच्या मशिनची कात्री आणि हार्ड डिस्क अशी रांग लागे. चौघींना सारखंच हळदकुंकू, सारख्याच अक्षता.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. त्यात विघ्न आलं ते कुलसंमेलनाचं.

माझे सासरे, अण्णा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि कुलवृत्तांताच्या नादाला लागले. ज्यांनी हा नाद जवळून पाहिलेला नाही त्यांना सांगते, याच्यापेक्षा माणूस रमी खेळलेला परवडतो. रमी निदान रात्री संपते. गुहागर, बडोदा, इंदूर, सागर, जिथे म्हणून आमचं आडनाव सापडेल तिथे अण्णांचं पोस्टकार्ड जायचं: आपले पणजोबा कोण, त्यांना किती बायका, त्यांपैकी निपुत्रिक किती. २००४ साली घरात कॉम्प्युटर आला तो यासाठीच. उजव्या हाताची तर्जनी की-बोर्डवर आणि डाव्या हातात भिंग, अशा थाटात त्यांनी बारा पिढ्या टाइप केल्या. छापखान्याशी दराची घासाघीस चालू असतानाच ते गेले.

यंदा अहोंचे चुलतभाऊ वसंतभावजी संमेलनाचे निमंत्रक झाले आणि त्यांचा फोन आला. "वहिनी, अण्णाकाकांचा कुलवृत्तांत आपण व्यासपीठावर प्रकाशित करायचा. आहे ना तुमच्याकडे?"

मी सवयीने म्हटलं, "आहे तर. जुन्या कॉम्प्युटरमध्ये आहे."

त्यावर भावजी म्हणाले, "मग काढा की."

इतक्या वर्षांत हे कुणीच म्हटलं नव्हतं.

मी बँकेत नोकरी केली. शाखेत पहिले कॉम्प्युटर आले तेव्हा चप्पल बाहेर काढून त्या खोलीत जायचं असे, तेव्हापासून माझा या यंत्रांशी संबंध आहे, त्यामुळे आमच्याकडे हे खातं माझं. अहोंचं तंत्रज्ञान 'जरा दाबून बघ' इथे सुरू होऊन तिथेच संपतं. शिवाय बारीक अक्षर वाचायला ते टॉर्च चांगला धरतात.

डिस्क खाली काढून टेबलावर ठेवली. तळहाताएवढी, पण हाताला वजनदार. वर लेबल, त्यावर चाळीस जीबी हा आकडा आणि त्या काळच्या अभिमानाने छापलेली बाकीची माहिती. लेबलावरच एक टाचणीच्या डोक्याहून जरा मोठं भोक असतं आणि शेजारी इंग्रजीत लिहिलेलं असतं की हे भोक झाकू नये. पुष्कळांना वाटतं हार्ड डिस्क म्हणजे आतून निर्वात डबी. तसं नाही. आत हवा लागते, कारण वाचणारं टोक त्या हवेच्या बारीकशा थरावरच तरंगतं. भोकातून गाळणीमार्फत आतला आणि बाहेरचा दाब सारखा राहतो. आमच्या डिस्कच्या भोकावर मात्र वर्षानुवर्षांच्या खंडेनवम्यांचं कुंकू बसलेलं होतं. भोकाच्या खाली जंपर कुठे लावायचा याचा तक्ता होता, तोही कुंकवाखालीच.

कुंकू पुसू लागले तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, सवाष्णीचं कुंकू पुसतेस?" मी म्हटलं, "आई, श्वास घेऊ द्या तिला." त्यांनी क्षणभर विचार केला आणि स्वतःच ओला रुमाल आणून दिला. नव्वदीला टेकलेल्या बाईला श्वासाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

डिस्क लॅपटॉपला जोडायचा अडॅप्टर आणायला आम्ही बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत गेलो. ऑनलाइनही मिळतो, पण डिस्क बरोबर नेऊन तोंडाला तोंड लावून बघितलेलं बरं, असं माझं मत. दुकानातल्या मुलाने डिस्क उलटसुलट केली. "ही साटा नाहीये," तो म्हणाला, आणि मग आतल्या बाजूला तोंड करून ओरडला, "पप्पा, चाळीस पिनावालं!"

आतून पप्पा चहाचा ग्लास हातात घेऊनच आले. त्यांनी डिस्कच्या मागच्या बाजूवर अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला. "आयडीई!" २००३ च्या सुमारास साटा आली आणि बोटाएवढ्या वायरीत काम भागू लागलं. त्याआधी कॅबिनेट उघडलं की आत राखाडी रंगाची चपटी, हातभर रुंद वाटणारी पट्टी लोळत असायची, ती ही. पप्पांनी त्या पट्टीच्या आठवणी सांगितल्या. मुलगा मोबाईलमध्ये बघत होता. अहो मात्र रंगून ऐकत होते; त्यांना आयडीई म्हणजे काय हे माहीत नव्हतं, पण 'पूर्वी कसं होतं' हा विषय त्यांना कोणत्याही क्षेत्रातला चालतो.

पप्पांनी जे दिलं त्याला तीन तोंडं होती. एक मोठ्या आयडीईचं, एक लॅपटॉपच्या छोट्या आयडीईचं, चव्वेचाळीस पिनांचं, आणि एक साटाचं. दुसऱ्या टोकाला यूएसबी. शिवाय वेगळा वीज पुरवणारा ठोकळा. "हा विसरू नका," ते म्हणाले. "लॅपटॉपची छोटी डिस्क यूएसबीच्या पाच व्होल्टवर फिरते. हिच्या मोटरला बारा लागतात, ते साध्या यूएसबीतून येत नाहीत. लोक ठोकळा न लावता बसतात आणि म्हणतात डिस्क मेली." मग त्यांनी तीन सूचना दिल्या. आधी करंट, मग यूएसबी. फिरत असताना हलवायची नाही. आणि विंडोज आपणहून काही विचारायला लागलं तर नाही म्हणायचं.

तिसऱ्या सूचनेवर अहो म्हणाले, "एवढं तर मला लग्नात कुणी सांगितलं नव्हतं." पप्पा मनापासून हसले आणि पन्नास रुपये कमी केले. अहोंच्या विनोदाचं आजवर झालेलं सगळ्यात रोख कौतुक.

घरी आल्यावर अडॅप्टर लावायला घेतला तर अहोंनी टॉर्च आत मारला आणि किंचाळले, "एक पिन तुटलीय! मधलीच!"

ती तुटलेली नसते. वरखाली वीस-वीसच्या दोन ओळी असतात आणि त्यांत विसाव्या क्रमांकाची पिन मुद्दामच बसवलेली नसते. समोरच्या केबलमध्ये त्या जागेचं भोक बुजवलेलं असतं, म्हणजे केबल उलटी बसायलाच नको. म्हणायला चाळीस पिना, मोजायला एकोणचाळीस. मला हा अख्ख्या यंत्रातला सगळ्यात शहाणपणाचा भाग वाटतो. उलट खोचणाऱ्या माणसाला सूचनापत्रक देऊन उपयोग नसतो, त्याला जागाच द्यायची नसते. हे ज्याला सुचलं त्याच्या घरी कुणीतरी 'जरा दाबून बघ' म्हणणारं असलं पाहिजे. पण पिन जिथे नव्हती तिथे आमच्याकडे दुसरंच काहीतरी होतं. टॉर्च जवळ नेला. हळदीत माखलेला तांदळाचा अर्धा दाणा. अक्षत. गोधडीच्या सुईने ती अलगद उचलून बाहेर काढली. सासूबाईंनी ती तुळशीत टाकायला नेली.

मग जंपर. हा काळा, तांदळाच्याच मापाचा प्लास्टिकचा तुकडा, दोन पिनांना जोडणारा. जुन्या कॉम्प्युटरमध्ये एका पट्टीवर दोन यंत्रं असत, त्यांपैकी मोठं कोण हे या तुकड्यावरून ठरे. आमच्या मुलाने, निखिलने, कधीतरी डीव्हीडी रायटर बसवताना आमच्या डिस्कला धाकटी करून ठेवलेलं होतं. अडॅप्टरवर ती एकटीच असणार, तेव्हा तिला मोठेपणा देणं भाग होतं. भुवया कोरायच्या चिमट्याने जंपर ओढला. तो निघाला, उडाला आणि दिवाणाखाली गेला. दिवाणाखाली काय काय सापडलं हा वेगळा लेख होईल. जंपरही सापडला.

ठोकळ्याचं चार तारांचं तोंड बसवलं: पिवळी बारा व्होल्टची, लाल पाचची, मधल्या दोन काळ्या. बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग कुकरमध्ये वाफ धरू लागावी तसा बारीक, चढत जाणारा आवाज आणि शेवटी एकसंध घूं. मग आतून दोन-तीन हलके टिकटिक. सासूबाईंनी लांबूनच हात जोडले. अहो कान लावायला डिस्क उचलणार तेवढ्यात मी त्यांच्या हातावर चापट मारली.

चापटीमागे शास्त्र आहे. ही डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला १२०. आतल्या तबकडीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर धावत असते. एक्स्प्रेस वेवर एवढ्याने गेलात तर घरी पावती येते. आणि तिच्या पृष्ठापासून वाचणारं टोक जितकं अंतर राखतं ते केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी. अशा वेळी तिला उचलून कानाशी नेणं म्हणजे आतल्या आत अपघात. टोक एकदा तबकडीला घासलं की मग नुसती टकटक ऐकू येते आणि त्या टकटकीवर घरगुती इलाज नाही. वन्संच्या मुलाने फोनवर एक सुचवला होता: प्लास्टिकच्या पिशवीत घालून डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची. लोक हे करत असत खरं. पण बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि उरलंसुरलंही जातं. शिवाय आमच्या फ्रीजरमध्ये ओल्या खोबऱ्याच्या वड्या होत्या.

यूएसबी लॅपटॉपला लावली. टुडुंग. एक ड्राइव्ह दिसला, मग दुसरा. अहोंनी चष्मा वर सरकवला. "अगं, चाळीस जीबीची ना? हे तर अख्ख्या डिस्कलाच सदतीस दाखवतंय. तीन जीबी कुणी खाल्ले?" मी सांगितलं की कंपनी जीबी मोजते ती हजाराच्या पटीत, विंडोज मोजतं एक हजार चोविसाच्या, म्हणून चाळीसचे सदतीस आणि वर थोडे. त्यांना ते पटलं नाही. बिल्टअप आणि कार्पेट एरियाचा अनुभव घेतलेल्या पुणेकराला हे पटायला हरकत नव्हती, पण त्यांचा संशय बरेच दिवस भंगारवाल्यावर राहिला.

इथे एक विषयांतर करते. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क काढली, तिच्यात चोवीस-चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि वजन टनाच्या घरात. तिच्यात मावत किती? पन्नास लाख अक्षरं. अण्णांचा कुलवृत्तांत तिच्यात आरामात बसला असता, पण फोटोंचा ढीग नाही. आणि माळा नक्कीच पडला असता.

त्यानंतर लॅपटॉपने एक नवीन खिडकी उघडली. एक तिसरा ड्राइव्हही आहे, पण तो वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, करू का? 'फॉरमॅट करा' हे बटण निळ्याशार कडेने सजवलेलं, 'रद्द करा' बिचारं पांढरंफटक. अहोंचं बोट एंटरकडे निघालं. "थांबा!" पप्पांची तिसरी सूचना. मी रद्द केलं आणि बंगळुरूला निखिलला व्हिडिओ कॉल लावला.

"तिसरा?" निखिल म्हणाला. "अच्छा, तो उबुंटूचा. मी इंजिनिअरिंगला असताना टाकलेलं. २००७ वगैरे." मला आठवलं. तेव्हा उबुंटूची सीडी परदेशातून पोस्टाने फुकट घरी यायची. अण्णांना फुकट आलेल्या वस्तूचा संशय असल्याने त्यांनी ती बरेच दिवस उघडू दिली नव्हती. उबुंटू हे लिनक्सचंच एक रूप. लिनक्सची मांडणी विंडोजला वाचता येत नाही, आणि ज्याची भाषा येत नाही ते पुसून टाकू का असं ते सरळ विचारतं. बिघाड काहीच नव्हता.

"मग त्यात तुझं काय आहे?" मी विचारलं.

निखिल जरा थांबला. "काही नाही गं. नोट्स. इंजिनिअरिंगच्या." आणि मग सहज म्हणाल्यासारखं: "आई, तो ड्राइव्ह फॉरमॅट केलास तरी चालेल. कर खरं तर. स्पीड वाढेल."

जुन्या डिस्कचा स्पीड वाढून आम्हाला कुठे जायचं होतं? मी बँकेत कर्जखात्यात होते. माणूस नको असताना कारण पुरवू लागला की फाईल बाजूला ठेवायची, ही जुनी सवय. मी म्हटलं, "बघू."

अण्णांच्या फोल्डरवर क्लिक केलं तर उत्तर आलं: तुम्हाला या फोल्डरमध्ये जाण्याची परवानगी नाही. सासूबाई म्हणाल्या, "त्यांचं कपाटही कुणी उघडलेलं त्यांना चालायचं नाही." त्या काळच्या विंडोजमध्ये प्रत्येकाच्या नावाचा कप्पा असे आणि जुन्या मालकाचं नाव नव्या लॅपटॉपला माहीत नसतं, एवढंच कारण. पुढे चालू ठेवा म्हटलं की मालकी बदलून मिळते. ती हिरवी पट्टी सरकत होती तेवढा वेळ सासूबाई टेबलापाशी उभ्या होत्या, यजमान येऊन काही बोलले तर साक्षीला असावं म्हणून असेल.

फाईल मिळाली. एक नाही, पुष्कळ. अण्णांनी इंग्रजीत सलग जोडून नावं दिली होती: कुलफायनल, कुलफायनल दोन, कुलफायनल खरे, कुलफायनल खरे नवे. अहोंनी मोठ्याने वाचलं, "कुल्फी... नळ?" मधेमधे फोल्डरचं सोंग घेऊन बसलेले व्हायरसही होते. २००७-०८ च्या सुमारास पेनड्राइव्हवरून घरोघर हिंडणारी ती जमात. पिवळं फोल्डरचं चित्र आणि पोटात भलतंच. नव्या अँटिव्हायरसने त्यांना बघताच असा गहजब केला की जणू संसर्ग आत्ता सोसायटीत पसरतोय.

शेवटची फाईल उघडली. आतमध्ये मराठीचं एकही अक्षर नव्हतं. तुटक इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, मधेच एखादं पौंडाचं चिन्ह. दोनशेवर पानं तशीच. अहो म्हणाले, "गेलं सगळं." सासूबाई म्हणाल्या, "त्यांचं हस्ताक्षर असंच होतं."

गेलं काहीच नव्हतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण घराघरांत पोचायला तिला फार वर्षं लागली. तोवर श्री-लिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी, किरण अशी एकेक घराणी होती आणि दर घराण्याची बंदिश वेगळी. कॉम्प्युटरच्या लेखी फाईलमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली असत. फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी चेहरे चढवत असे. फॉन्ट नसला की चेहरा गेला. मराठीत २००५ च्या आधीचं असं पुष्कळ लिखाण, प्रबंध, दिवाळी अंक, सत्यनारायणाच्या निमंत्रणांपासून मृत्युपत्रांपर्यंत, आज मुखवट्याविना पडून असेल. डिस्क जोडणं हा यातला सोपा भाग. एकोणचाळीस पिना एकदा बसल्या की बसल्या, वेलांटीचं तसं नाही.

कारण जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने टाइप करत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, म्हणून आधी. रफार शेवटी दिसतो, म्हणून शेवटी. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर हा क्रम उलटसुलट करताना जिथे दमतं तिथे शिवरामपंतांची वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळत राहते, सर्वोत्तमचा 'सवोर्त्तम' होतो, आणि आमच्या सातव्या पिढीतल्या दुर्गाबाईंच्या झाल्या दुगार्बाई.

मी तसंच कच्चं रूपांतर संमेलनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि लिहिलं की प्रत्येकाने एकेक पिढी तपासावी. तपासलं कुणीच नाही. चर्चा मात्र सुरू झाली. 'दुगार्बाई हे नाव कानडी वळणाचं वाटतं,' असं बडोद्याच्या शाखेने लिहिलं. संध्याकाळपर्यंत आपलं कूळ मूळचं कर्नाटकातलं असावं असं मत पडलं. रात्री धारवाडजवळ त्या नावाचं एखादं गाव आहे का याचा शोध चालू झाला. मी 'अहो तो रफार आहे' असं लिहिलं, त्याला दोघांनी नमस्काराचं चित्र पाठवलं आणि चर्चा पुढे गेली. इंदूरच्या काकांनी तर दुगार्बाईंना घोड्यावर बसवलं.

ही सगळी गंमत चालली असताना मी एकटीच मूळ मजकूर वाचत होते, आणि तिथे वेगळंच निघालं. अण्णा हिशेबी माणूस. त्यांनी प्रत्येक हयात व्यक्तीच्या नोंदीखाली जन्म, शिक्षण, नोकरी लिहून झाल्यावर एक ओळ 'शेरा' ठेवली होती. बडोद्याच्या शाखेचा शेरा: 'पत्रोत्तर देत नाहीत. पोस्टकार्डे सहा.' इंदूरच्या काकांचा: 'सांगतात त्यातील निम्मे धरावे.' आणि निमंत्रकांचा: 'चि. वसंत. बोलका, मनमिळाऊ. दोन हजार रुपये येणे.'

मी ते पान भावजींना पाठवलं. बराच वेळ दोन निळ्या खुणा नुसत्याच दिसत राहिल्या. मग फोन आला. "वहिनी, प्रकाशनाची इतकी घाई नको, काय म्हणता? थोडं संपादन... म्हणजे काकांच्या शैलीला धक्का न लावता."

बाकीचा खजिनाही हळूहळू बाहेर आला. गोड्या मसाल्याची फाईल सापडली. तिच्यात 'धने अर्धा किलो, बाकी अंदाजाने' एवढंच होतं. आहेराच्या यादीवरून वन्सं आणि त्यांच्या जाऊबाईंमध्ये जे झालं ते इथे लिहीत नाही. सोसायटीचं इतिवृत्त मिळालं तेव्हा कळलं की सेक्रेटरीची गाडी सर्वांत शेवटच्या जागेत लावावी हा ठराव खुद्द अहोंनीच मांडलेला होता. गेली कित्येक वर्षं ते लिफ्टजवळच्या जागेसाठी भांडतायत. अहो म्हणाले, "ती फाईल करप्ट आहे असं सांग."

संमेलनाच्या आदल्या आठवड्यात निखिलचा फोन आला. रजा मिळत नाही, जमणारच नाही, असं महिनाभर सांगणारा मुलगा म्हणाला, "येतोय मी. दोन दिवस आधीच येतो. ती डिस्क कुठे ठेवलीस गं?"

"टेबलावरच आहे, अडॅप्टरला. का रे?"

"नाही, सहज. मी आल्यावर बघतो. तू हात लावू नकोस."

तेवढ्यात त्याच्या मागून मृण्मयीचा आवाज आला. आमची सून दिवसभर लिनक्सवरच काम करते, हे मला माहीत होतं. निखिलला त्या क्षणी आठवलं असावं.

"कुठली डिस्क? उबुंटूची? आई, नुसती लावून ठेवा," ती आनंदाने म्हणाली. "माझ्या लॅपटॉपवर पाच मिनिटांत उघडेल!"